स्वयंसेवकाचा मोकळा शनिवार

आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे नुकताच एक ठराव आला. २०२७ च्या ऑगस्टमध्ये, ३ ते ८ तारखांना, कोरियाची राजधानी सोल येथे जागतिक युवा दिन भरावयाचा ठरला आहे. तेथे स्वयंसेवक म्हणून काही आठवडे आधी जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या तरुण-तरुणींना प्रवासखर्चाचा काही भाग धर्मग्रामाच्या निधीतून द्यावा, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो ठरावाच्या चौथ्या कलमाविषयी. सेवाकाळात मिळणाऱ्या मोकळ्या शनिवार-रविवारी स्वयंसेवकाने शहरात फिरू नये, तो वेळ प्रार्थनेत, विश्रांतीत अथवा अधिक सेवेत घालवावा आणि तसे लेखी वचन निघण्यापूर्वी द्यावे, असे हे कलम सांगते. त्याच्या समर्थनार्थ एक वाक्य उच्चारले गेले: “लोकांनी दानपेटीत टाकलेला पैसा पोरांच्या सहलीसाठी नाही.”

हे वाक्य टाळ्या घेणारे आहे आणि त्याने त्या घेतल्याही. अध्यक्ष या नात्याने आम्हांस ते कलम तेथेच बाजूला सारता आले असते. परंतु ज्या विचारातून ते जन्मले तो विचार एका परिषदेपुरता नाही. आपल्या घराघरांतून, भल्याभल्या भाविकांच्या मनांतून तो नांदतो आहे. म्हणून त्याचा समाचार येथे, सर्वांसमक्ष घेणे आम्हांस योग्य वाटते.

प्रथम विरोधकांच्या पदरात जे पडावयास हवे ते टाकू. त्यांची चिडचिड निराधार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लिस्बन येथे जागतिक युवा दिन झाला. सुमारे पंचवीस हजार स्वयंसेवक तेथे राबले आणि अखेरच्या दिवशी पोप फ्रान्सिस त्यांना मुद्दाम भेटले. त्या सोहळ्याची जी छायाचित्रे मोबाईलवरून आपल्या घरांत फिरली, त्यांत सेवा कमी आणि स्वतःचे मुखकमल अधिक होते, हे मान्य करावे लागेल. मागे मनोरा, पुढे मुखकमल. मागे पूल, पुढे तेच मुखकमल. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाने ती पाहून “आमची पोरं तिकडे काय करतात?” असे विचारले, तर त्याला दोष कसा द्यावा? पण रोग एक आणि औषध भलतेच, अशी या कलमाची अवस्था आहे. शहर नीट न पाहणे हा तो रोग आहे; कलम म्हणते, शहर पाहूच नका.

विश्रांतीचा मुद्दा आम्ही लांबवत नाही. प्रेषित कामगिरीवरून परत आले तेव्हा प्रभूने त्यांना एकांती चलण्यास सांगितले, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. कोलकात्यात मदर तेरेसांच्या भगिनींकडे जगभरातून येणाऱ्या स्वयंसेवकांना गुरुवारी काम नसते. ज्या घरी सेवेचे मोल सर्वांत अधिक जाणले गेले, त्या घरचा हा रिवाज आहे. परंतु स्वयंसेवक दमतो म्हणून त्याला सुटी द्या, एवढेच आमचे म्हणणे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमचे म्हणणे याहून कडक आहे. परक्या शहरातला मोकळा दिवस ही सेवेतून घेतलेली सवलत नसून तो सेवेचाच अवघड भाग आहे, आणि ज्याने तो दिवस घेतला नाही त्याची उरलेल्या दिवसांची सेवा आम्हांस संशयास्पद वाटते.

संत पौल अथेन्समध्ये कसा पोहोचला ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पाहावे. तो तेथे मोहिमेवर गेला नव्हता. बिरुयात दंगा उसळला म्हणून बंधूंनी त्याला घाईने अथेन्सला आणून पोहोचवले. सीला आणि तीमथ्य मागून यावयाचे होते, त्यांची वाट पाहणे एवढेच त्याचे काम होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याला परक्या शहरात मोकळे दिवस मिळाले होते. चौथ्या कलमाप्रमाणे त्याने खोलीत बसावयास हवे होते. तो फिरला. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचे मन खवळले, हेही ग्रंथकर्ता लपवीत नाही. अपरिचित शहरात पहिल्या दिवशी कोणाचेही मन खवळते. तथापि तो चौकात जाऊन भेटेल त्याच्याशी बोलत राहिला आणि पाहता पाहता एका वेदीपाशी थांबला. ती वेदी अज्ञात देवाला वाहिलेली होती. पुढे अरीयपगावर त्याने जे भाषण केले, त्याचा आरंभ त्या वेदीपासून झाला. त्यात त्याने अथेन्सकरांच्याच कवींचा हवाला दिला. पायांनी शहर तुडवले नसते, तर ती वेदी त्याला कोणत्या प्रार्थनाखोलीत दिसली असती? सेमिनरीत हे भाषण आम्हांस सुवार्ताप्रसाराचा नमुना म्हणून शिकविले गेले. त्या नमुन्यामागची पायपीट मात्र शिकविली जात नाही.

याउलट, न पाहता सेवा करणाऱ्याचे काय होते? या विषयावर कॅथलिक जगात जो सर्वांत तिखट आवाज उठला, तो एका धर्मगुरूचाच होता. व्हिएन्नात जन्मलेले इव्हान इलिच त्या काळी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे राहत. सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे एप्रिल १९६८ मध्ये त्यांनी भाषण केले आणि पाहुण्यांचे स्वागत करण्याऐवजी त्यांना परत जाण्यास सांगितले. तुम्हांला या लोकांची भाषा येत नाही, त्यांचे जिणे ठाऊक नाही, त्यामुळे तुमचा चांगुलपणा त्यांच्यावर लादला जातो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पाहावयास या, डोंगर चढावयास या, शिकावयास या, परंतु मदत करावयास येऊ नका, असे ते म्हणाले. हा टोकाचा निवाडा आम्हांस मान्य नाही. भुकेल्याला भाकर देताना त्याचे व्याकरण शिकण्याची वाट पाहता येत नाही. परंतु इलिच यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले, ते खरे आहे. सोमवार ते शुक्रवार स्वयंसेवक हा देणारा असतो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असते, लोक त्याला वाट विचारतात, त्याचे आभार मानतात. शनिवारी ओळखपत्र खोलीत राहते. आता तोच वाट चुकतो, त्यालाच विचारावे लागते, खाणावळीत काय मागावे हे त्याला कळत नाही, आणि अनोळखी माणूस हसून त्याला मदत करतो. देणारा घेणारा होतो. हा अदलाबदलीचा दिवस ज्याच्या सेवेत आलाच नाही, तो स्वयंसेवक उपकार करून परततो आणि उपकाराची सवय घेऊन येतो. तशी सवय जडलेली माणसे आपल्या समित्यांतही आढळतात, असो.

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी युरोपातून एक तरुण स्वयंसेविका भिवंडीत काही महिने राहिली. सकाळी वस्तीतल्या बालवाडीत ती मुलांना शिकवी. शनिवार-रविवारी तिला मुंबईस नेण्याचा आमच्या मंडळींचा आग्रह असे. गेटवे झाले, घारापुरी झाली, वांद्र्याची मोत माऊली झाली. भिवंडीत पाहण्यासारखे काय आहे, असा आपल्यालाच प्रश्न. मग पाहुणीला कोण काय दाखवणार? एका शनिवारी मात्र ती कोणालाही न सांगता पद्मानगरच्या बाजूला चालत गेली. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची घरे तेथे पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि घराला लागून कारखाना. एका बाईने तिला आत बोलावले, कांड्या भरता भरता शेजारी बसवले, चहा पाजला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि येत असती तरी त्या खडखडाटात ऐकू आली नसती.

सोमवारी ती बालवाडीत आली ती निराळी होऊन. तोवर तिचा समज होता की या वस्तीतले बाप रागीट आहेत, कारण ते मुलांशी ओरडून बोलतात. आता तिला कळले की यंत्रमागाच्या आवाजात आयुष्य घालवलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो. त्याचे कान गेलेले असतात, त्याचा राग नव्हे. जी मुले वर्गात पेंगत, त्यांना ती आळशी समजे. भिंतीपलीकडे रात्रपाळीचे लूम चालत असता मूल झोपणार कसे, हे तिला त्या दुपारी उमगले. तिने पहिल्या अर्ध्या तासाचा अभ्यास बंद केला आणि मुलांना तेवढा वेळ झोपू दिले. आमच्या मते त्या संपूर्ण मुक्कामातील तिची सर्वांत मोठी सेवा तीच होती, आणि ती तिच्या सुटीच्या दिवशी कमावलेली होती.

आता लिस्बनकडे वळू, कारण तेथे गेलेल्यांची उदाहरणे चौथ्या कलमाच्या पाठीराख्यांनी दिली. लिस्बनला मोकळा दिवस मिळाला की जो तो बेलेमला जातो. तेथे जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. नदीकाठी १९६० मध्ये उभारलेले दर्यावर्दींचे दगडी स्मारक आहे, त्यावरील पुतळ्यांत आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचाही पुतळा आहे. जवळच अंड्याच्या बलकाच्या प्रसिद्ध टार्टचे दुकान आहे. हे सर्व पाहावे, टार्टही खावी. परंतु शहराच्या मध्यभागी, रोसियो चौकाला लागून, संत दोमिनिकचे चर्च आहे, तेथे आपले किती जण गेले? आत पाऊल टाकताच १९५९ च्या आगीत तडकलेले खांब दिसतात. ते मुद्दाम तसेच ठेवलेले आहेत. आणि बाहेरच्या चौकात त्याहून जुन्या आगीची खूण आहे.

१४९७ मध्ये पोर्तुगालच्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला होता. पुढे १५०६ च्या एप्रिलमध्ये या चर्चमधल्या क्रुसावर प्रकाश दिसला आणि लोकांनी चमत्कार म्हणून गजर केला. तो मेणबत्तीचा प्रकाश असावा, असे अशाच एका नवख्रिस्ती माणसाने म्हटले. जमावाने त्याला ठार केले. संन्यस्त बंधूंनी लोकांना चेतवले, आणि तीन दिवसांत शहरात नवख्रिस्ती मंडळींची जी कत्तल झाली, तिच्या बळींचा अंदाज दोन हजारांच्या घरात आणि त्याहूनही वर सांगितला जातो. राजा मानुएलने पुढे चेतवणाऱ्यांना देहदंड दिला. इ. स. २००० मध्ये लिस्बनचे पेट्रियार्क जुझे पोलिकार्पो यांनी त्याच परिसरात या पापाबद्दल जाहीर क्षमा मागितली. २००८ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. त्यात ज्यू समाजाचा दगड आहे, चर्चचाही आहे, आणि लिस्बन हे सहिष्णुतेचे शहर आहे असे अनेक भाषांत भिंतीवर लिहिले आहे.

भिवंडीच्या मुलाने या चौकात अर्धा तास उभे राहावे, असे आम्हांस का वाटते, हे भिवंडीकरांना सांगावे लागू नये. ७ मे १९७० रोजी आपल्या गावात काय घडले, ते न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. १९८४ च्या मे महिन्यात ते पुन्हा घडले. आपल्या मुलांना यांतले किती ठाऊक आहे? घरात कोणी बोलत नाही. जुनी माणसे विषय निघाला की पाण्याचा पेला मागतात. त्यानंतरची गोष्ट तर त्याहूनही कमी सांगितली जाते. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या बांधल्या; हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांना ते एका सतरंजीवर बसवीत राहिले; आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्या शहराने आपली लाज दगडावर कोरून चौकात ठेवली, ते पाहिलेल्या मुलाला स्वतःच्या शहराविषयी प्रश्न पडतील. ते प्रश्न घेऊन तो परतला, तर दानपेटीतला पैसा कारणी लागला, असे आम्ही म्हणू. सोहळ्याच्या मैदानावर पाण्याच्या बाटल्या वाटून हे प्रश्न पडत नाहीत. बाटल्या वाटणे आवश्यकच आहे. पण त्याने तहान भागते ती इतरांची.

आणि सक्तीच्या वाट पाहण्याबद्दल बोलावयाचे तर, याच रोसियोच्या परिसरात आज जेथे फिगैरा चौक आहे, तेथे त्या काळी सर्व संतांचे मोठे इस्पितळ होते. हिंदुस्थानकडे निघालेला संत फ्रान्सिस झेवियर १५४० च्या उन्हाळ्यात लिस्बनला पोहोचला आणि जहाज निघाले ते थेट ७ एप्रिल १५४१ रोजी. ते नऊएक महिने तो कोंडून बसला नाही. शहरातले आजारी आणि कैदी त्याने शोधून काढले. त्याच बंदरातून १५७९ मध्ये निघालेला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यास आला आणि लोकांत मिसळून मराठी इतकी शिकला की १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून आले. त्याला जर कोणी फक्त नेमून दिलेल्या कामापुरते राहण्याचे वचन लिहून मागितले असते, तर या त्रैमासिकाच्या वाचकांचे वाङ्मयीन दारिद्र्य किती वाढले असते, याचा विचार व्हावा.

कलमाच्या पाठीमागे एक न बोललेली गोष्टही आहे आणि ती आम्ही बोलणार. अर्ज करणाऱ्यांत मुली अधिक आहेत. एखादा मुलगा परक्या शहरात फिरला तर तो हुशार. मुलगी फिरली तर तिची काळजी. काळजी खोटी आहे असे कोणी म्हणू नये. दोघी-तिघींनी मिळून जावे, परतीची वेळ सांगून जावे, मुक्कामाचा पत्ता त्या देशाच्या लिपीत लिहून जवळ ठेवावा, हे सर्व योग्य. पण याच धर्मग्रामातल्या किती आया आणि मावश्या परिचारिका म्हणून कुवेत-दुबईला एकट्या गेल्या, आठवड्याच्या एका सुटीत अनोळखी शहरातून वाट काढीत शुक्रवारच्या मिस्साला पोहोचल्या! त्यांनी धाडलेल्या पैशांवर घरे उभी राहिली तेव्हा त्यांच्या फिरण्यावर कोणी कलम लावले नव्हते. मिळकतीसाठी बाईने फिरलेले चालते; मग डोळे उघडण्यासाठी फिरलेले का खटकावे?

खर्चाविषयी एवढेच की, मेट्रोचे तिकीट आणि एक वेळचे साधे जेवण यांहून अधिक या दिवसाला लागत नाही. बसगाडीतून दिवसात नऊ ठिकाणे दाखवणाऱ्या सहली निधीतून करू नयेत, हे आम्हांस मान्य आहे, कारण त्या गाडीच्या काचेतून शहर दिसत नाही, फक्त यादी पुरी होते.

राहिले सोल. ज्या चर्चच्या अंगणात आपली मुले सेवेला जाणार, त्या कोरियन चर्चचा जन्म कसा झाला? यी सुंग-हुन नावाचा तरुण आपल्या वडिलांबरोबर राजदूतांच्या तांड्यातून पेकिंगला गेला होता. काम दरबाराचे होते. एका मित्राने निघताना सांगितले होते म्हणून तो तेथल्या चर्चमध्ये गेला, मिशनऱ्यांशी बोलला, १७८४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पुस्तकांसह मायदेशी परतला आणि त्याने मित्रांना बाप्तिस्मा दिला. पुढची सुमारे दहा वर्षे त्या देशात एकही धर्मगुरू नव्हता. प्रापंचिकांनीच श्रद्धा जगवली. १८०१ च्या छळात यी सुंग-हुनचा शिरच्छेद झाला. परक्या शहरात, नेमून दिलेल्या कामापलीकडे एका तरुणाने टाकलेल्या पावलावर ते चर्च उभे आहे, आणि तेथे मुले पाठवताना आपण त्यांच्याकडून पाऊल न टाकण्याचे वचन घेणार आहोत!

सोलला मोकळ्या दिवशी म्योंगडोंगचे कॅथेड्रल पाहावे, हान नदीकाठची रक्तसाक्षींची टेकडी पाहावी. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या शहरात १०३ रक्तसाक्षींना संतपद दिले. परंतु भिवंडीच्या मुलांना आमचा विशेष आग्रह आहे तो कापडबाजाराचा. चॉंगग्येचॉन ओढ्याच्या काठी प्यंगह्वा बाजार आहे. नावाचा अर्थ शांती. तेथल्या बुटक्या छताच्या माळ्यांवर कोवळ्या वयाच्या मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत शिवणकाम करीत, खोकून रक्त ओकत. चॉन थे-इल हा तेथलाच एक कारागीर. बसभाड्याच्या पैशांतून तो उपाशी मुलींना खाऊ घेऊन देई आणि स्वतः पायी घरी जाई. कामगार कायदा कागदावर आहे आणि माळ्यावर नाही, हे कोणी ऐकेना, तेव्हा १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बावीस वर्षांचा असताना, त्याने स्वतःला जाळून घेतले. त्याची आई पुढे आयुष्यभर कामगारांसाठी झटली. त्याच्या मार्गाचे समर्थन आपली श्रद्धा करीत नाही. परंतु त्याने जे पाहिले ते न पाहण्याची मुभाही ती देत नाही. ओढ्यावरच्या पुलावर त्याचा पुतळा आहे. ज्या मुलाचा बाप साईझिंगमध्ये किंवा लूमवर आहे, त्याने त्या पुलावर उभे राहून बापाला फोन करावा.

चौथे कलम गाळावे आणि त्याजागी, परतल्यावर प्रत्येकाने आपला मोकळा शनिवार कोठे आणि कोणाबरोबर गेला ते मिस्सानंतर पंधरा मिनिटे सांगावे, असे कलम घालावे, अशी दुरुस्ती आम्ही मांडली आहे. परिषदेची सभा दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे. त्याआधीच्या शनिवारी, दिवसपाळी सुटण्याच्या सुमारास, अर्ज केलेली मुले-मुली आमच्याबरोबर कल्याण नाक्यावरून पायी निघून वंजारपट्टी नाक्यापर्यंत आणि तेथून पद्मानगरला जातील. ज्या पालकांना कलम हवे आहे, त्यांनीही यावे. पायांत जुन्या चपला घालाव्यात. रस्त्याचे काम चालू आहे.